मामंजींच्या घरी कुणी आजारी पडत नसे

आमच्या सासरी कुणी आजारी पडत नसे. हा मामंजींचा नियम होता, आणि तो घरातल्या माणसांनाच काय, गोठ्यातल्या बैलांनाही लागू होता. कुणाला ताप भरला तर त्याला 'ऊन लागलेलं' असे. कुणी महिनाभर खोकत असला तर त्याला 'ठसका लागलेला' असे. सासूबाई दर पावसाळ्यात हिवतापानं गोधड्यांखाली थडथडत पडायच्या, तेव्हा मामंजी ओसरीवरच्या मंडळींना सांगत, "काय न्हाई, तिची झोप कमी झालती." आणि नारू झाला, म्हणजे पायाचं कातडं फोडून तो पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढून बसला, की त्या माणसाच्या 'पायाला लागलेलं' असे. कशाला लागलं, कुठं लागलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

आणि हाच माणूस गावात सरकारी दवाखाना यावा म्हणून उभी हयात बीडच्या कचेरीचे उंबरे झिजवत होता. कुणी म्हणेल, हे कसं जमायचं? मामंजींना जमत असे. त्यांना दवाखाना हवा होता, आजारी माणसं नको होती.

निजामाचं राज्य होतं. तलवाड्याकडून गाडीवाटेनं खाली उतरलं की सिंदफणेच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव, आणि मामंजी त्या गावचे पाटील. ताठ चालायचे, चांदीच्या मुठीची काठी बाळगायचे, आणि मिशीवरून हात फिरवल्याशिवाय वाक्य सुरू करायचे नाहीत. गावात पोलीस ठाणं असावं, शाळा असावी, दवाखाना असावा, ही त्यांची मानाची कल्पना होती. ठाणं दुसऱ्या गावाला गेलं. शाळेला मास्तर टिकेना. राहिला दवाखाना. त्यावर त्यांनी जीव लावला.

कचेरीची भाषा उर्दू. मामंजींची उर्दू आमच्या गावाच्या हद्दीपर्यंत उत्तम चाले. हे, म्हणजे माझे यजमान, एकदा त्यांच्याबरोबर बीडला गेले होते. तिथं साहेबापुढं वाकून मामंजींनी जे गाऱ्हाणं मांडलं ते यांनी मला घरी येऊन सांगितलं, आणि मी तोंडात पदर कोंबून हसले. मामंजी म्हणाले होते, "हुजूर, हमारा गाव लई सेहतमंद हाय. एकबी आदमी बीमार न्हाई. बस्स, एक दवाखाना होना." साहेबानं विचारलं, बीमार कुणी नाही तर दवाखाना कशाला? मामंजी म्हणाले, "हुजूर, इज्जत का सवाल हाय." कचेरीतल्या शिपायानंसुद्धा भिंतीकडं तोंड वळवलं म्हणे.

माझं माहेर वडवणीकडचं. तिथं आड होता, रहाटानं पाणी ओढायचं. सासरी आले तर इथं बारव. दगडी पायऱ्यांची, चिरेबंदी, कोनाड्यात पाण्याच्या देवी साती आसरा बसवलेल्या, वरच्या चिऱ्यावर मामंजींच्या पणजोबांचं नाव कोरलेलं. अशी बारव पंचक्रोशीत नव्हती आणि हे पंचक्रोशीला ठाऊक नसेल अशी शंका मामंजींना कायम असे. कुणीही पाहुणा आला की आधी बारवेचं पाणी. "प्याला का आमच्या बारवंचं पाणी? मग औषध कशाला?" असं ते विचारत. पाणी खरंच गोड होतं. उन्हाळ्यात ते खाली खाली जाई, आणि आम्ही बाया शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत असू. ज्यांच्या पायाला लागलेलं असे त्याही तिथंच उभ्या राहत. थंड पाण्यात पाय घातला की आग कमी होई.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बारवेनं मलाही सासरची करून घेतलं. घोट्यावर फोड आला, फुटला, आणि आतून पांढरं टोक दिसलं. मी रडायला लागले. सासूबाईंनी पाय हातात घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "लागलं का पायाला? चल, आता तू ह्या घरची झालीस." मग गेनबा न्हावी आला. त्यानं ते टोक एका काडीला गुंडाळलं आणि रोज थोडं थोडं ओढत गेला. घाई केली तर नारू आत तुटतो आणि पाय सडतो, म्हणून ते काम सबुरीचं. ऐन पेरणीच्या तोंडावर अर्धं गाव असं पायाला काड्या बांधून बसलेलं असे. बाकीचं अर्धं गाव त्यांच्या वाटणीचं काम करून वाकलेलं असे. आणि मामंजी ओसरीवर सांगत असत, आमच्या गावाची हवा लई चांगली.

मामंजी माझ्याशी कधी थेट बोलत नसत. सुनेशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं, असा त्या घराचा शिरस्ता. "भिंते, आज कढी आंबट झाली." भिंत काय बोलणार? पुढं माझी चंपा झाली, बोलायला लागली, आणि मामंजींना भिंतीपेक्षा बरं माणूस मिळालं. "चंपे, तुझ्या आईला सांग, कढी आज बरी झाली." चंपा त्यांच्या मांडीवरून न उतरता तिथूनच ओरडून सांगे. मी दाराआड, दोन हातांवर, पण निरोप चंपाकडूनच यायचा. ती त्यांची एकुलती नात. तिला खांद्यावर घेऊन ते रोज बारवेवर जात आणि कोरलेल्या नावावर तिचं बोट फिरवत. "ह्यो तुझ्या आबाचा पणजा."

एका चैत्रात बातमी आली. जिल्ह्याचे तालुकदार साहेब दौऱ्यावर निघालेत, पाण्याची टंचाई बघणार आहेत, आणि दवाखाना नदीच्या अलीकडं द्यायचा की पलीकडं तेही ठरवणार आहेत. मामंजींनी दोन दिवस मिशीवरून हातच काढला नाही. घरं सारवून घेतली, चावडीला चुना दिला, वाटेवरचे काटे उचलले. राहता राहिली माणसं. नारूचे दिवस होते. चांगलं चालणारं माणूस शोधावं लागत होतं.

हे त्यांना म्हणाले, "आबा, साहेब दवाखाना द्यायचा का न्हाई ते बघाया येतोय. त्याला आजारी माणसं दाखवावी लागतील."

मामंजी म्हणाले, "येडा का काय बे तू? पाव्हण्याला घरातलं खरकटं दाखवतो का? पोरगी बघाया आल्यावर तिची खोड सांगत असत्यात का कुठं?"

आता लंगड्यांचं काय करायचं हा प्रश्न बिकट होता. साहेब आल्यावर ते उभे राहिले तर लंगडणार, आणि बसून राहिले तर साहेबाचा अपमान. मामंजींनी तोड काढली. साहेब यायच्या आदल्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बैलगाड्या जुंपल्या, लंगडे, तापकरी, खोकणारे सगळे त्यांत भरले, आणि गाड्या नारायणगडाला दर्शनाला धाडून दिल्या. सासूबाईही त्यात होत्या. आपली देवावर एवढी भक्ती आहे हे त्यांना त्याच सकाळी कळलं. गाडीत बसताना त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मेला दवाखाना. अंग फणफणलंय माझं, अन् म्हणं दर्शनाला जा."

साहेब आले तेव्हा गाव चकचकीत होतं आणि निम्मं रिकामं. जी माणसं होती ती पैलवानासारखी छाती काढून उभी होती. मामंजी सगळ्यांच्या पुढं, पायात नवा करकरीत जोडा, दिवसभर उभे. साहेबांना ते हाताला धरून बारवेच्या शेवटच्या पायरीपर्यंत घेऊन गेले आणि चांदीच्या पेल्यात स्वतः पाणी भरून दिलं. साहेब प्याले. म्हणाले, "वा पाटील, शरबत है." आणि दुसरा पेला मागितला. मामंजींनी तोही दिला. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी वर काठाशी बायांत उभी राहून पाहिला आहे. मुलगा झाल्यावरही माणूस इतका खूश होत नसेल.

जेवताना साहेबांनी विचारलं, गावात माणसं कमी दिसतात, कुठं गेली? मामंजी म्हणाले, नारायणगडाला, दर्शनाला. साहेबांनी मान डोलावली. "पाटील, जिस गाव के लोगां उठ के गड को जाते, उनको दवाखाना कायको होना?" मामंजींनी ती तारीफ समजून वर आणखी एक पुरणपोळी वाढायला लावली.

दुसऱ्या दिवशी धुण्यात मला मामंजींच्या पायाला गुंडाळलेलं फडकं सापडलं. रक्तानं आणि पुवानं चिकटून गेलेलं. टाचेला नारू घेऊन तो माणूस नव्या जोड्यात दिवसभर उभा होता. मी फडकं धुतलं, वाळत घातलं, आणि कुणाला बोलले नाही. त्यांच्या पायाला लागलं असेल.

महिन्याभरात कळलं. दवाखाना नदीपलीकडच्या गावाला मंजूर झाला. पलीकडच्यांनी साहेब येणार म्हणताच आपले सगळे आजारी बाजांवर घालून थेट रस्त्यात आणून ठेवले होते. साहेबांच्या घोड्याला पुढं जायला वाट राहिली नव्हती. त्यांनी चांगली माणसंही झोपवली होती, असं मामंजी शेवटपर्यंत म्हणत. "भिकाऱ्यांचं गाव. आजार दाखवून दवाखाना मागितला. आमी न्हाई मागायचो तसला." आणि त्या गावात पाऊल न टाकण्याची त्यांनी शपथ घेतली. पलीकडच्या गावाला याचं किती वाईट वाटलं ते माहीत नाही. तिथं डॉक्टर आला होता.

पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, चंपाचा गुडघा सुजला. तिचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. गुडघ्याच्या वाटीजवळ फोड आला, फुटला, आणि टोक दिसलं. मामंजींनी फोड पाहिला आणि तोंड फिरवलं. "पायाला लागलंय तिच्या. खेळती ना लई." गेनबा आला, काडी लावली. तो हळूच ओढत होता, पण लेकरू ते. चंपानं पाय झटकला, आणि नारू आत तुटला.

दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा. तिला पाय हलवता येईना, अंगात ताप, आणि रात्रंदिवस एकच कण्हणं. सिंदफणेला पूर आला होता. दवाखाना समोर दिसत होता. पलीकडच्या गावातली त्याची पांढरी भिंत आमच्या माळवदावरून दिसते. मधे नदी. मी तिला मांडीवर घेऊन माळवदावर बसायची आणि पाणी बघायची. उतरलं का, उतरलं का, एवढंच. मामंजी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "काय न्हाई. पायाला लागलंय." पण आवाज खाली आला होता.

ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी पदर सारखा केला, दाराआडून बाहेर आले आणि ओसरीवर सगळ्या मंडळींपुढं उभी राहिले. "मामंजी, तिच्या पायाला लागलेलं न्हाई. नारू हाय तो. आत तुटलाय. पोरगी माझी जातीय."

 त्या घरात सून अशी कधी ओसरीवर आली नव्हती. सासूबाईंनी आतून माझा पदर ओढला. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. भिंतीलाही त्यांना काही सांगता आलं नाही.

पाणी उतरून कमरेएवढं झालं तसे ते उठले. चंपाला खांद्यावर घेतलं, काठी यांच्या हातात दिली आणि नदीत उतरले. हे मागं, मी त्यांच्या मागं. ज्या गावात पाऊल टाकायचं नव्हतं त्या गावात मामंजी ओल्या धोतरानं शिरले आणि दवाखान्याच्या ओट्यावर, बाजेवर घातलेल्या लोकांच्या रांगेत, शेवटी जाऊन बसले. पलीकडच्या लोकांनी पाटील म्हणून जागा करून दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमचा नंबर येईल तवा येईल."

डॉक्टर हैदराबादकडचा, चष्मेवाला, पोरसवदा. त्यानं चंपाचा गुडघा चिरला, घाण काढली, धुतला, बांधला. ती किंचाळत होती आणि मामंजींनी तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं. मग डॉक्टर म्हणाला, पोरगी वाचेल, पाय वाचेल, पण गुडघा आता वाकणार नाही. आधी आणायला हवी होती.

मामंजी उठायला लागले तसे लंगडले. डॉक्टरनं पाहिलं. "आप क्यों लंगडा रहे?"

"काय न्हाई," मामंजी म्हणाले. "पायाला लागलंय."

"जूता उतारो, बडे साब."

मामंजी जागचे हलले नाहीत. ओट्यावरचं सगळं पलीकडचं गाव बघत होतं. डॉक्टर वाट पाहत उभा राहिला. चंपा अर्धवट गुंगीत होती, तिनंही तोच सूर धरला, "आबा, जोडा काढा." तेव्हा ते खाली बसले आणि जोडा काढला. त्या वर्षीचा नवा नारू, टाचेपासून घोट्यापर्यंत लाल वळ उठलेला. पलीकडच्यांपैकी एकजणही हसला नाही. मला वाटतं, हसले असते तर मामंजींना बरं वाटलं असतं.

डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं पिता? बारवेचं. पायऱ्यांची? हौ. मग त्यानं समजावून सांगितलं. नारूवाला माणूस पाण्यात पाय घालतो, तेव्हा नारू आपली पिलं पाण्यात सोडतो. ते पाणी जो पितो त्याला वर्षानं नारू होतो. पायऱ्या बंद करा, वरून दोरानं पाणी ओढा, दुसरं औषध नाही. आणि जखम बांधता बांधता तो सहज म्हणाला, "तालुकदार साहब कू भी निकला इस साल. टखने में. बिस्तर पे पडे हैं. पूछ रहे थे, पिछली गर्मी में किदर का पानी पिये."

मामंजींचा चेहरा मला अजून आठवतो. दोन पेले दिले होते.

परत येताना नदीच्या काठावर ते थांबले. चंपा त्यांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी मान वळवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा, भिंतीला नाही, चंपाला नाही, मला सांगितलं, "सूनबाई, पोरीचा पाय सरळच ऱ्हाणार. माझ्या बारवंनं खाल्ला." मला त्यांचा राग आला होता, फार आला होता, आणि तरी मी चंपाचा बांधलेला पाय सावरून धरला. त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मामंजी पहार घेऊन बारवेवर गेले. गाव जमलं. म्हातारे आडवे आले. साती आसरा कोपतील, पणज्याचं नाव जाईल, एवढं गोड पाणी कुठं मिळणार? त्यांतल्या बहुतेकांच्या पायाला काड्या बांधलेल्या होत्या. मामंजी म्हणाले, "पणज्यानं बांधली, पणतू फोडतोय. काम घरातल्या घरातच हाय. तुमी कावून दमता?" आणि पहिल्या पायरीवर पहार घातली. सगळ्या पायऱ्या काढल्या, वर कठडा घातला, रहाट बसवला. आसरांना कठड्यावर नवा कोनाडा केला, आणि त्या कोपल्याचं काही ऐकिवात नाही. पणजोबांच्या नावाचा चिरा मामंजींनी कठड्यातच बसवला, फक्त अक्षरं आतल्या बाजूला ठेवली. 

एकदोन उन्हाळे गेले आणि पेरणीला गाव दोन्ही पायांवर उभं राहिलं. मग आमच्याही गावाला दवाखाना मंजूर झाला. मामंजींच्या अर्जांनी नव्हे, साहेबांच्या घोट्यानं. आपण पाणी कुठं प्यालो ते साहेबांना आठवलं असावं. त्या गावाला दवाखान्याची गरज आहे, याबद्दल त्यांच्या मनात काही शंका उरली नव्हती.

दवाखाना आला आणि मामंजी रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. ओट्यावरच, आत कधी नाही. रस्त्यानं जाणारा कुणी खोकला की ते त्याला अडवत. "ए, हिकडं ये बे. कावून खोकतो? जा आत." पोरांना देवीची लस टोचायची तर मामंजी घराघरांतून बायांना बाहेर काढत. स्वतः मात्र शिंकही दाबून धरत. तेवढा आजार लपवायचा हक्क त्यांनी आपल्याकडं राखून ठेवला होता. चंपाला ते पटत नसे. तिचा पाय काठीसारखा सरळ राहिला होता, पण जीभ चांगली वळत होती. घरात कुणीही थाप मारली की ती म्हणायची, "जोडा काढा." आजोबांनासुद्धा.

ती लग्नाची झाली तसा माझ्या जिवाला घोर लागला. लंगड्या पोरीला कोण करणार? शेवटी एका बऱ्या घरची मंडळी बघायला आली. सासूबाईंनी युक्ती काढली. पाहुणे यायच्या आधीच चंपाला पाटावर बसवायचं, अंगावर शाल पसरायची, म्हणजे पाय दिसायला नको आणि चालायला नको. कुणी विचारलंच तर पायाला लागलंय म्हणायचं. या युक्तीला घरात कुणी नाव ठेवलं नाही. हे घर तसं सरावलेलं होतं.

मुलाचे वडील ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसले. सुपारी झाली, नाव-गाव झालं, चंपानं शिकवलेलं तेवढं बोलून दाखवलं. मंडळींच्या माना डोलायला लागल्या. मी दाराआड हात जोडून उभी होते. तेवढ्यात मामंजींनी मिशीवरून हात फिरवला.

"चंपे, ऊठ. चालून दाखव."

मला वाटलं धरणी दुभंगावी. चंपानं आजोबांकडं एकदा पाहिलं, हात टेकून उठली आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय ओढत गेली. परत आली. 

"लंगडी हाय," मामंजी म्हणाले. "मांडी घालता येत न्हाई. नारू झालता. आमच्या बारवंचा. बारव माझ्या पणज्याची, अन् चूक माझी, म्या टायमाला दवाखान्यात नेली न्हाई. पोरगीत दुसरी खोड न्हाई. जीभ थोडी तिखट हाय, ती तुमी बघून घ्या."

गावभरच्या लंगड्यांना साहेबापासून लपवणारा माणूस एका पोरीचा पाय सोयऱ्यांपासून लपवायला तयार नव्हता. मी दाराला टेकून रडत होते, आणि त्यांचा राग करावा की त्यांच्या पाया पडावं ते मला कळत नव्हतं.

मुलाचे वडील खाली बघत होते. मामंजीही खाली बघत होते, पण पाहुण्याच्या पायांकडं. मग म्हणाले, "पाव्हणं, ओसरीवर बसताना तुमी जोडा काढला न्हाई."

"ऱ्हाऊ द्या हो. असंच."

"काढा जोडा. म्याबी असाच उभा होतो एकदा, साहेबापुढं. लई दुखतं."

पाहुण्यानं मुलाकडं पाहिलं, मग जोडा काढला. घोट्याला फडकं होतं, फडक्यात काडी. "पायाला लागलंय जरा," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळून हसला. चंपा हसली. मग सगळी ओसरी हसली.

लग्न तिथंच जमलं. पण मामंजींनी अट घातली. मुलीकडच्यांनी अट घालायची हे आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. "तुमच्याबी गावात बारव दिसती. आधी तिच्या पायऱ्या फोडा. मग अक्षता. फोडल्याबिगर पोरगी द्यायचो न्हाई." त्यांनी फोडल्या. मामंजी स्वतः बघायला गेले, आपली पहार गाडीत टाकून, न जाणो पाहुण्यांची बोथट असली तर. रहाटावरून एक पोहरा ओढून पाणी प्याले आणि घरी येऊन चंपाला म्हणाले, "आपल्यावाणी गोड न्हाई. पण जा तू आता."

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामंजी पडले. छाती भरली होती, श्वासाची शिट्टी अंगणापर्यंत ऐकू यायची. दवाखाना हाकेच्या अंतरावर. डॉक्टर दोनदा दाराशी येऊन गेला, आणि मामंजींनी दोन्ही वेळा बाजेवरून सांगितलं, "काय न्हाई. पायाला लागलंय." उभ्या गावाला आत ढकलणाऱ्या माणसाला कोण ढकलणार? मी चंपाला बोलावणं धाडलं.

ती आली, बाजेशेजारी खाली बसली, सरळ पाय पुढं पसरून. त्यांचा हात हातात घेतला. म्हणाली, "आबा, जोडा काढा."

अनवाणी माणूस, बाजेवर पडलेला. ते हसायला गेले, खोकला आला, बराच वेळ आला. मग डोळे मिटून म्हणाले, "छातीत दुखतंय, पोरी. लई दुखतंय. बोलाव त्याला."

डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. पण त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी आजारी पडलं होतं.